नंदुरबार लोकसभा: आधी सीमा बघा, मग निकाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयाच्या विशेषांकासाठी नंदुरबार लोकसभा मतदारसंघाचा इतिहास-भूगोल लिहायचा आहे. हाताशी १९६२ पासूनच्या खासदारांची यादी आहे आणि नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा आहे. यादीवरून साठ वर्षांचा सलग इतिहास मांडता येईल का, आणि साक्री-शिरपूर धुळे जिल्ह्यात असताना या मतदारसंघात कसे, हे तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे. यादीतलं नाव सलग दिसतं, पण त्या नावाखालची जमीन मधूनमधून बदलली आहे. आणि नकाशा जिल्ह्याचा आहे, मतदारसंघ मात्र जिल्ह्याच्या बाहेर सांडलेला आहे. म्हणून असं काम हाती घेताना निकालांना शेवटी हात घालायचा. आधी सीमा, मग त्या सीमेतली माती आणि माणसं, आणि त्यानंतर कोण किती मतांनी आलं ते.

किती खोल जायचं, हे तुमच्याकडे पानं किती आहेत यावर ठरेल. चार पानांचा लेख असेल तर सीमांचे तीन-चार टप्पे सांगून निकालांकडे वळता येईल. गावागावांतला कल दाखवायचा असेल तर १९६२ चा नाद सोडा. देशभर सगळीकडे मतदान यंत्रं आली ती २००४ च्या लोकसभेला. त्याआधी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची पद्धत बराच काळ होती, त्यामुळे केंद्रनिहाय आकडे सलग मिळत नाहीत. त्यातही आजच्या सीमा २००९ पासूनच्या. गावपातळीवरची खरी तुलना म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार लोकसभा आणि त्यांच्या जोडीच्या विधानसभा. एवढीही कमी नाही.

आधी आजचा मतदारसंघ. यात सहा विधानसभा आहेत: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री आणि शिरपूर. सहाही अनुसूचित जमातींसाठी राखीव, आणि लोकसभेची जागाही राखीव. पहिल्या चार नंदुरबार जिल्ह्यात, शेवटच्या दोन धुळे जिल्ह्यात. विधानसभांचे अधिकृत क्रमांक पाहिले तर १, २, ३, ४, ५ आणि मग एकदम ९. मधले ६, ७, ८ म्हणजे धुळे ग्रामीण, धुळे शहर आणि सिंदखेडा. ते धुळे लोकसभेत जातात आणि तिकडे त्यांना नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण यांची जोड मिळते.

क्रमांकातली ही उडी नकाशावर आणखी स्पष्ट दिसते. शिरपूर तापीच्या उत्तरेला, साक्री दक्षिण-पश्चिमेला, आणि दोघांच्या मध्ये सिंदखेडा तालुका. म्हणजे साक्री आणि शिरपूर एकमेकांना कुठेच लागून नाहीत. मतदारसंघाचा आकार सिंदखेड्याला कवेत घेणाऱ्या विळ्यासारखा झाला आहे. साक्रीहून शिरपूरला सरळ जायचं तर धुळ्यावरून जा नाहीतर दोंडाईच्यावरून, मध्ये आपण मतदारसंघाबाहेर पडतोच. प्रचाराच्या गाड्यांना, पाहणाऱ्या पत्रकारांना आणि निवडणुकीच्या यंत्रणेला ही गोष्ट रोज जाणवते, लेखात मात्र क्वचित येते. तुम्ही ती एका ओळीत लिहिलीत तरी वाचकाला आकार कळेल.

आता साक्री-शिरपूर इथे का, याचं उत्तर. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला चारच विधानसभा येतात. उरलेल्या दोन शेजारून घ्याव्या लागतात. त्या कुठून घ्यायच्या हे ठरवताना कायद्याचं तत्त्व असं की अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा, जिथे त्या जमातींचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वांत जास्त आहे तिथे असाव्यात. साक्री तालुका नवापूर-नंदुरबारला लागून आहे आणि त्याच्या पश्चिम भागात आदिवासी वस्ती दाट आहे. शिरपूर शहाद्याला लागून आहे आणि त्याच्या उत्तरेकडच्या सातपुड्यात पावरा आदिवासींची वस्ती आहे. दोन्ही निकषांत हेच दोन तालुके बसतात. जिल्ह्याची सीमा पाळणं हाही मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या परिसीमन आयोगाचा एक निकष असतो, पण तो आकड्यांपुढे नमतो.

इथेच एक चूक हमखास होते. नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आणि त्यात अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के. हे ६९ टक्के उचलून लोक मतदारसंघाला चिकटवतात. ते जिल्ह्याचं प्रमाण आहे, त्यात साक्री आणि शिरपूर नाहीत. मतदारसंघाचं प्रमाण काढायचं तर जनगणनेच्या तालुकानिहाय तक्त्यांतून नंदुरबारचे सहा तालुके (नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी) आणि धुळ्यातले साक्री, शिरपूर हे दोन, असे आठ तालुक्यांचे आकडे घ्या. एकूण लोकसंख्येची बेरीज वेगळी करा, जमातींची वेगळी, आणि शेवटी एकदाच भागाकार करा. आठ टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका, तालुके सारख्या आकाराचे नाहीत.

दुसरी चूक अनुसूचित क्षेत्राची. राखीव मतदारसंघ आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं अनुसूचित क्षेत्र या दोन वेगळ्या रेषा आहेत. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर यांतली काही गावंच त्यात येतात. त्यामुळे ‘पेसा’ (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव आणि न लागू असलेलं गाव एकाच राखीव विधानसभेत शेजारी-शेजारी सापडतात. एकाच नकाशावर दोन्ही रंग भरले तर ही गोष्ट दिसते. नुसतं ‘आदिवासी मतदारसंघ’ लिहिलं की ती पुसली जाते.

भूगोल मांडताना तालुकावार वर्णन टाळलेलं बरं, ते शाळेच्या भूगोलासारखं होतं. या मतदारसंघाचे तीन पट्टे पाडले की पुढचं राजकारणही समजायला लागतं.

पहिला पट्टा सातपुड्याचा. अक्राणी तालुका, म्हणजे लोकांच्या तोंडी धडगाव, आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग. तोरणमाळ आणि अस्तंभा इथेच. उत्तरेची सीमा नर्मदा, तिचा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला काठ ५४ किलोमीटरचा. इथलं गाव एका ठिकाणी नसतं. पाडे असतात, डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर विखुरलेले, एका पाड्याहून दुसऱ्याला जायला दरी उतरून चढावी लागते. ज्वारी, मका, मोह, चारोळी, आमचूर यांवर घर चालतं, आणि पिकं निघाली की मोठ्या संख्येनं माणसं गुजरातकडे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला जातात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा ती परततात. मतदान एप्रिल-मेमध्ये असेल तर होळीनंतर किती माणसं पुन्हा निघून गेली, यावर त्या पाड्यांचं मतदान बरंच अवलंबून असतं. मात्र यावरून ‘स्थलांतरामुळे इथे मतदान कमी’ असं लिहून मोकळे होऊ नका. १३ मे २०२४ च्या मतदानात हा मतदारसंघ सुमारे ७० टक्क्यांवर गेला आणि राज्यातल्या सर्वाधिक मतदान झालेल्या जागांत होता. शहरी जागा बघा, फरक कळेल.

दुसरा पट्टा तापीचा. शहादा, तळोद्याचा सपाट भाग, शिरपूरचा दक्षिण भाग आणि नदीच्या दक्षिणेला नंदुरबार. काळी जमीन, सिंचन, कापूस, ऊस, केळी, पपई. नंदुरबारला मिरचीची मोठी बाजारपेठ. प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम, तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. दोन्ही गावांजवळ तापीवर बॅरेज आहेत. हा पट्टा बाजाराचा, साखर कारखान्यांचा आणि सहकाराचा. इथली जमीन मुख्यतः बिगरआदिवासी शेतकऱ्यांकडे आणि तीवर राबणारे हात बऱ्याच अंशी आदिवासी, हा ताण १९७१-७२ साली शहाद्यात उघड झाला. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेचा लढा तिथूनच उभा राहिला: सालदारांची (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची) मजुरी, हातची गेलेली जमीन, मारहाण. हा लढा न सांगता शहाद्याची कोणतीही निवडणूक समजावता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा पट्टा पश्चिमेचा: नवापूर आणि साक्रीचा पिंपळनेरकडचा भाग. सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या टेकड्या, पाऊस पूर्वेपेक्षा जास्त, नवापुरात भात आणि तूर. भाषा बदलते, मावची आणि कोकणी बोली कानावर पडतात, तर तापीपट्ट्यात अहिराणी आणि गुजरी, सातपुड्यात पावरी आणि भिली. बाजार आणि सोयरीक इथली गुजरातकडे झुकलेली. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सुरतेहून आलेली तापी खोऱ्याची रेल्वे आणि सुरत-नागपूर महामार्ग दोन्ही इथून जातात. साक्रीचा पूर्व भाग मात्र कोरडा. पांझरा काठ सोडला तर तो या पट्ट्यात बसवू नका.

आता सीमांचा इतिहास. ब्रिटिशांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पश्चिम खानदेशचं मुख्यालय धुळे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन निवडणुकांत, १९५२ आणि १९५७ ला, ‘नंदुरबार’ शोधलं तर हाती काही लागत नाही. ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली बघा. तेव्हा देशात द्विसदस्य मतदारसंघही होते, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार. ही पद्धत १९६१ च्या कायद्यानं बंद झाली. त्यामुळे १९५७ आणि १९६२ चे निकाल शेजारी ठेवून ‘मतं घटली’ किंवा ‘वाढली’ असं लिहिणं चुकीचं ठरतं.

१९६० चा बदल सर्वांत जास्त विसरला जातो. मुंबई राज्याची फाळणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली अनेक गावं गुजरातला गेली. निझर परिसर त्यातलाच. नकाशावर नंदुरबारच्या पश्चिमेला गुजरातची जी जीभ आत शिरलेली दिसते, ती ही. १९५१ च्या जनगणनेतला तालुक्याचा आकडा आणि १९६१ चा आकडा यात अचानक तफावत दिसली तर आधी ही गावं वजा केली आहेत का ते बघा. पुढे जिल्ह्याला पश्चिम खानदेशऐवजी धुळे हे नाव मिळालं, जुन्या इंग्रजी कागदांत ‘धुलिया’. आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. गंमत म्हणजे लोकसभेची एक निवडणूक त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि पुढची १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मतदारसंघ तोच, खासदार तोच, जिल्हा मात्र बदललेला. १९९८ च्या कागदांवर धुळे आणि १९९९ च्या कागदांवर नंदुरबार दिसलं की गोंधळू नका.

मतदारसंघाच्या सीमा कोणत्या आदेशानं ठरल्या, हे कळीचं. १९६२ ची निवडणूक द्विसदस्य पद्धत बंद झाल्यानंतरच्या आदेशावर. १९६७ आणि १९७१ या १९६६ च्या आदेशावर, त्याला आधार १९६१ ची जनगणना. १९७७ ते २००४ या सगळ्या १९७६ च्या आदेशावर, आधार १९७१ ची जनगणना. २००९ पासून २००८ च्या आदेशावर, आधार २००१ ची जनगणना. मधला टप्पा इतका लांबला, कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं जागांचं फेरवाटप गोठवलं आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनं राज्यांमधलं वाटप पुढे २०२६ पर्यंत तसंच ठेवलं. राज्याच्या आत सीमा फिरवायची मुभा मात्र दिली. २००८ चा बदल या मुभेतला.

म्हणून तुमच्या यादीला एक स्तंभ जोडा: ‘लागू आदेश’. वर्ष, आदेश, त्यातल्या विधानसभा, आदेशातलं पान. एवढ्यावर अर्धं काम होतं. एक ओळ भरून दाखवतो. धडगाव घ्या. १९९८ च्या जूनपर्यंत जिल्हा धुळे, नंतर नंदुरबार. तालुका अक्राणी, जनगणनेतही अक्राणी. २००४ पर्यंत विधानसभा अक्राणी. २००९ पासून विधानसभा अक्कलकुवा, कारण अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके मिळून ती एक झाली. म्हणजे एकाच गावाची तीन-चार नावांच्या खाली नोंद. आता तळोदा घ्या. २००४ पर्यंत तळोदा नावाची विधानसभा होती, २००९ ला ती नाहीशी झाली आणि तळोदा तालुका शहादा विधानसभेत गेला. शिरपूर २००४ पर्यंत सर्वसाधारण होती, २००९ पासून राखीव. अशा ओळी दहा-बारा भरल्या की ‘हा नेता आपला मतदारसंघ सोडून का गेला’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘तो मतदारसंघच उरला नव्हता’ असं निघतं. काँग्रेसचे के. सी. पाडवी अक्राणीतून अक्कलकुव्यात ‘आले’, ते याच अर्थानं.

आदेश वाचताना एक काळजी. त्यात वर्णन ‘तालुका’ किंवा ‘तालुक्याचा भाग: अमुक महसूल मंडळं’ (म्हणजे तालुक्यातले गावांचे गट) असं असतं. ‘भाग’ हा शब्द नजरेतून सुटला तर अख्खा तालुका चुकीच्या विधानसभेत जातो. मंडळांची पुनर्रचना अधूनमधून होते, म्हणून आजच्या मंडळांच्या यादीवरून जुना आदेश वाचू नका. आदेशात दिलेलं मंडळ त्या वेळच्या मंडळांप्रमाणे घ्यायचं, त्यातली गावं त्या वेळच्या जनगणना पुस्तिकेतून.

क्रमांकांवर तर अजिबात विसंबू नका. आज नंदुरबार राज्यातली लोकसभा क्रमांक १ आणि अक्कलकुवा विधानसभा क्रमांक १. ही मोजणी २००८ च्या आदेशापासूनची. त्याआधी मोजणी कोकणातून, राजापूरपासून सुरू व्हायची. जुन्या तक्त्यातला क्रमांक १ उचलून नंदुरबारच्या रकान्यात टाकला तर कोकणातले खासदार खानदेशात येतात. हा विनोद नाही, तक्ते जोडताना संगणकाकडून होणारी ही नेहमीची चूक आहे. जोडणी नावानं करा, आणि नावांची रूपं आधी एकसारखी करा: शहादा-शहादे, तळोदा-तळोदे, नवापूरचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारचं, अक्राणी-धडगाव.

आता निकाल, आणि ते थोडक्यातच पुरे. १९६२ पासून २००९ पर्यंतच्या सगळ्या निवडणुकांत ही जागा काँग्रेसकडे राहिली, अगदी १९७७ च्या जनता लाटेतही सुरूपसिंग नाईक इथून निवडून आले. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून माणिकराव गावित सलग नऊ वेळा जिंकले. केंद्रात ते राज्यमंत्री झाले, २००९ मध्ये लोकसभेचे हंगामी अध्यक्षही. २०१४ मध्ये भाजपच्या हिना गावित यांनी त्यांना सुमारे १ लाख ७ हजार मतांनी हरवलं. २०१९ मध्ये हिना गावित यांनी के. सी. पाडवी यांच्यावर सुमारे ९५ हजारांनी मात केली. २०२४ मध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी सुमारे १ लाख ५९ हजारांनी निवडून आले. सहा महिन्यांनी झालेल्या विधानसभेत मात्र या सहा जागांपैकी नवापूर एवढी एकच काँग्रेसकडे राहिली. लोकसभेच्या फरकावरून ‘मतदारसंघ फिरला’ असं छापण्याआधी हे दोन आकडे एकत्र ठेवून बघायला हवेत.

आडनावांवरून नातं जोडणं हा आणखी एक धोका. गावित, पाडवी, वळवी, वसावे, पावरा ही आडनावं हजारो घरांची आहेत. माणिकराव गावित आणि हिना गावित एका घरातले नव्हेत. हिना या विजयकुमार गावित यांच्या कन्या. उलट के. सी. पाडवी आणि गोवाल पाडवी हे वडील-मुलगा. प्रत्येक वेळी तपासून लिहा, अंदाजानं लिहिलेलं घराणं पुढे दहा ठिकाणी उतरवलं जातं. पक्षाच्या रकान्याचंही तेच. १९६९ आणि १९७८ च्या फुटींनंतर काँग्रेसची नावं आणि चिन्हं बदलली. गाय-वासरू आणि हात ही दोन्ही चिन्हं वेगवेगळ्या काळात त्याच प्रवाहाची, पण अहवालात पक्षाचं लघुरूप बदललेलं दिसतं.

गावपातळीवर जायचं ठरवलंत तर कागद एकच: नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक. प्रत्येक विधानसभेचं वेगळं असतं, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं ते असतं. टपाली मतं वेगळ्या ओळीत येतात, ती कोणत्याही गावाची नसतात, बेरीज जुळवताना विसरू नका. केंद्रांचे क्रमांक प्रत्येक निवडणुकीत सरकतात, कारण मतदार वाढले की केंद्र फुटतं. एका केंद्रावर कमाल १५०० मतदार हा निकष होता, २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं तो १२०० केला, म्हणजे पुढच्या वेळी क्रमांक आणखी सरकतील. म्हणून २०१४ च्या केंद्र क्रमांक ८० ची तुलना २०१९ च्या ८० शी करायची नाही. केंद्राचं गाव आणि शाळेचं नाव घेऊन गावाची बेरीज करायची आणि गावाशी गाव ताडायचं. सातपुड्यात याच्याही पुढे जावं लागतं. एका महसुली गावाचे पाडे दोन-तीन केंद्रांत विभागलेले असतात, तर कधी दोन गावांचे पाडे मिळून एक केंद्र. अशा वेळी मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कोणते पाडे येतात ते दिलेलं असतं, तेच ग्राह्य धरा.

नर्मदाकाठचं काम सर्वांत किचकट. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. विस्थापितांसाठी १९९० पासून टप्प्याटप्प्यानं तळोद्याची ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली, आणि सोमावल, रोझवा अशा वसाहती सपाटीवर उभ्या राहिल्या. निवडणुकीच्या भाषेत याचा अर्थ असा की काही हजार मतदार डोंगरातल्या यादीतून उतरून तापीकाठच्या यादीत आले, त्या वेळच्या वेगळ्या विधानसभेत. लोकसभा मात्र तीच राहिली. नदीकाठच्या केंद्रावर मतदार घटलेले दिसले तर ते मतदानाला आले नाहीत की गावच उठून गेलं, हे यादी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. काही कुटुंबं मूळ गावात वरच्या बाजूला सरकून राहिली, म्हणजे एकाच गावाची माणसं दोन याद्यांत. धरणाचा जलाशय पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा भरला. त्याच वर्षीच्या लोकसभेचं मतदान त्याआधी झालेलं आणि विधानसभेचं त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. नदीकाठच्या केंद्रांसाठी त्या दोन निवडणुकांची तुलना करताना ही तारीख समासात लिहून ठेवा.

लेखाची सुरुवात कुठून करावी, असंही तुम्ही विचारलंय. मी असतो तर मणिबेलीपासून केली असती. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं हे गाव, बुडितात सर्वांत आधी गेलेल्यांपैकी, आणि राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक १. लोकसभा पहिली, विधानसभा पहिली, केंद्र पहिलं. कर्मचारी यंत्रं घेऊन तिथे बोटीनं जातात. त्या एका केंद्राची मतदार यादी आणि नमुना २० मधली ओळ समोर ठेवली तर सीमा, धरण, पाडे आणि स्थलांतर हे चारही विषय ओघानं लिहिता येतात, आणि मग तिथून दक्षिणेला तापी ओलांडून साक्रीपर्यंत यायचं.